तहाच्या कागदावर बाई कुठे आहे?

आपल्या गटांच्या बैठकांत दारूचा प्रश्न येतो, रेशनचा येतो, मारहाणीचा येतो, बचतीच्या व्याजाचा येतो. फौज, सरहद्द आणि तह यांचा येत नाही. नेर तालुक्यातल्या एका गावी मी जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या बायकांविषयी बोलू लागले, तेव्हा एक मावशी सरळच म्हणाल्या, ‘‘ताई, त्या जपानाशी आपल्याले काय करनं हाय?’’ मावशींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे माझे काम आहे. परंतु चळवळीत वर्षानुवर्षे राबलेल्या, शिकल्यासवरल्या कार्यकर्त्याही जेव्हा हेच विचारतात, तेव्हा त्यांच्याशी जाहीरपणे वाद घालणे भाग पडते.

चळवळीत या बाबतीत दोन भूमिका दिसतात. पहिली म्हणते, परराष्ट्र धोरण, संरक्षण, सीमावाद हे काही ‘स्त्रियांचे प्रश्न’ नव्हेत. आपली ताकद आधीच थोडी, ती तिकडे कशाला खर्च करायची? दुसरी म्हणते, देशाचा किंवा मराठी माणसाचा प्रश्न आला की बाई म्हणून वेगळे बोलायचे नसते, सगळ्यांनी एका झेंड्याखाली उभे राहायचे असते. वरवर पाहता या भूमिका एकमेकींच्या उलट आहेत. प्रत्यक्षात दोन्हींचा परिणाम एकच होतो. निर्णय घेण्याची खोली पुरुषांना मोकळी मिळते आणि त्या निर्णयाचा खर्च आपल्या पदरात पडतो.

माझे म्हणणे असे आहे की, राज्यकर्ते जेव्हा जमिनीसाठी भांडतात किंवा फौजेसाठी दोस्ती करतात, तेव्हा त्याची किंमत ज्यांच्यावर लादली जाते त्यांत स्त्रिया आघाडीवर असतात. आणि बोलणी होतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. हे जपान-कोरियात घडले, बेळगावात घडले, आणि आपल्या वऱ्हाडातही घडले. सुरुवात घरापासूनच करते.

फौजेच्या खर्चापोटी गेलेला मुलूख

‘तैनाती फौज’ हा शब्द आपण सगळ्याजणी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला आहे. कंपनी सरकार एखाद्या राजाला म्हणायचे, तुझ्या रक्षणासाठी आम्ही फौज ठेवतो, खर्च तू दे. खर्च थकला की मुलूख दे. हैदराबादच्या निजामाच्या नावाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, जी ‘कंटिंजंट’ फौज उभी होती, तिच्या खर्चाची थकबाकी साचत गेली. १८५३ साली तह झाला आणि त्या खर्चाच्या वसुलीसाठी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात पुढचा करार झाला. निजामाला वर्षाला २५ लाख रुपये द्यायचे आणि वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने राहायचा. मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची. आपले नेर याच पट्ट्यावर दिलेल्या मुलखात होते.

वऱ्हाडातल्या एकाही कुणब्याला, एकाही कोलामाला हे विचारले गेले नाही. बाईला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण हा मुलूख इंग्रजांना हवाहवासा का वाटला? कारण इथली काळी जमीन आणि तिच्यात येणारी पऱ्हाटी. आणि पऱ्हाटीचा कापूस वेचत कोण होते? डोईवर ऊन घेऊन, कमरेला ओटा बांधून, बोंडांच्या टोकांनी बोटे रक्ताळून घेत तेव्हाही बायकाच वेचत होत्या, आजही बायकाच वेचतात.

मावशींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच मिळते. या कापसाचे एक मोठे गिऱ्हाईक जपान होता. १८९३ साली मुंबई ते जपान अशी आगबोटींची वाहतूक सुरू झाली, तिच्यात जमशेटजी टाटांचा पुढाकार होता आणि माल मुख्यतः कापूस. उमरावती म्हणजे अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाणारा आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्या घेत असत. त्या गिरण्यांत सूत कोण काढत होते? शेतकऱ्यांच्या मुली. बापाच्या हातावर उचल ठेवायची, करारावर बापाचा शिक्का घ्यायचा आणि पोरीला गिरणीच्या वसतिगृहात कोंडायचे, अशी तिथली रीत होती. म्हणजे वऱ्हाडातल्या बाईने वेचलेला कापूस जपानी शेतकऱ्याची पोर कातत होती आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नव्हता.

१९३३ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश नसलेल्या सुती कापडावर ७५ टक्क्यांपर्यंत जकात चढवली. जपानच्या गिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. मग सिमला-दिल्लीत बोलणी झाली आणि १९३४ मध्ये करार ठरला: जपानने १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ३२.५ कोटी वार कापड इथे विकता येईल, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. गाठींचा हिशेब झाला, वारांचा झाला. वेचाईचा झाला नाही, वसतिगृहात कोंडलेल्या पोरींचा झाला नाही. दोन सरकारे भांडली तेव्हा आपण हिशेबात नव्हतो, आणि त्यांची दिलजमाई झाली तेव्हाही नव्हतो.

ओकिनावा: आजच्या काळातली तैनाती फौज

वऱ्हाडाची ही गोष्ट लक्षात ठेवली तर ओकिनावा समजायला वेळ लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली अमेरिकेने हे बेट जिंकले आणि १९७२ पर्यंत स्वतःच्या अमलाखाली ठेवले. जपानचे स्वातंत्र्य १९५२ साली परत आले, पण ओकिनावा त्यात नव्हता. शेतजमिनी घेऊन लष्करी तळ उभे राहिले. १९७२ मध्ये बेट जपानला परत मिळाले, तळ मात्र राहिले. जपानच्या एकूण भूमीपैकी ०.६ टक्के भूमी ओकिनावाची, आणि जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजेच्या वापरात असलेल्या तळांच्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा तिथे. दोस्ती टोकियोने करायची, तिचे ओझे ओकिनावाने वाहायचे.

ओझे म्हणजे नुसती जमीन नव्हे. ४ सप्टेंबर १९९५ रोजी तीन अमेरिकी सैनिकांनी तिथल्या १२ वर्षांच्या मुलीला पळवून तिच्यावर बलात्कार केला. जपान आणि अमेरिकेतल्या १९६० च्या करारानुसार, अशा आरोपीवर जपानी कोर्टात आरोप ठेवला जाईपर्यंत त्याला अमेरिकेच्याच ताब्यात ठेवता येत होते. म्हणजे मुलीवर अत्याचार झाला तेव्हा तहाचे कलम आरोपींच्या बाजूला उभे होते.

याच महिन्यात बीजिंगला चौथी जागतिक महिला परिषद भरली होती. ओकिनावाच्या स्त्रियांचा एक मोठा गट तिथे गेला होता आणि लष्करी तळांभोवती होणारी हिंसा हा स्त्रियांच्या मानवी हक्कांचा प्रश्न आहे असे त्यांनी तिथे मांडले होते. घरी परतल्यावर त्यांना ही बातमी कळली. नाहा शहराच्या नगरसेविका सुझुयो ताकाझातो आणि त्यांच्या मैत्रिणींनी लष्करी हिंसेविरुद्ध स्त्रियांची संघटना उभी केली. २१ ऑक्टोबर १९९५ च्या निषेध सभेला ८५ हजार माणसे आल्याचे आयोजकांनी सांगितले. आरोपींना पुढे शिक्षा झाल्या. पण या बायका तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एखादा सैनिक वाईट निघाला, हे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. १९४५ पासूनच्या अत्याचारांची त्यांनी नोंद करायला घेतली आणि विचारले, तुमची ‘सुरक्षा’ नेमकी कोणाची?

१९९६ साली दोन्ही सरकारांनी फुतेन्मा हा वस्तीच्या मधोमध असलेला तळ पाच ते सात वर्षांत परत देण्याचे जाहीर केले. अट अशी की त्याच्या बदल्यात ओकिनावातच दुसरी जागा द्यायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये नव्या जागेच्या भरावावर सार्वमत झाले, ७२ टक्के मते विरोधात पडली. काम थांबले नाही. लोकांनी मत दिले, आणि तहाने ते बाजूला ठेवले.

आपला देशही आता या दोस्तीच्या वर्तुळात आहे. भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा ‘क्वाड’ गट आहे. जपानच्या स्वस्त कर्जावर मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे काम सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. पालघरमधल्या आदिवासी गावांनी ग्रामसभांमध्ये जमीन देण्याविरुद्ध ठराव केले. दोन पंतप्रधानांच्या हस्तांदोलनाची किंमत ज्या जमिनीतून द्यायची ठरली, ती कसणाऱ्या बायकांशी सल्लामसलत करणे कोणाला अगोदर सुचले नव्हते.

‘पूर्णपणे आणि अखेरचा’ निकाल

आता कोरियाकडे वळू. महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराने कोरिया, चीन, फिलिपाइन्स, इंडोनेशिया अशा अनेक देशांतल्या हजारो मुलींना आणि स्त्रियांना सैनिकांसाठी चालवलेल्या कोठ्यांत डांबले. जपानी लष्कर त्यांना ‘दिलासा देणाऱ्या बायका’ म्हणत असे. हा शब्दच इतका किळसवाणा आहे की तो मी पुन्हा वापरणार नाही. १९६५ साली जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात करार झाला. जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज द्यायचे ठरले, आणि मागच्या दाव्यांचा निकाल ‘पूर्णपणे आणि अखेरचा’ लागला असे लिहिले गेले. कोरियातर्फे हा करार करणारे सरकार जनरल पार्क चुंग-ही यांचे. त्या करारात या बायकांचा उल्लेखही नव्हता.

२६ वर्षांनी, १४ ऑगस्ट १९९१ रोजी, किम हाक-सून या वृद्धेने स्वतःचे नाव जाहीर करून आपल्यावर काय झाले ते जगाला सांगितले. जानेवारी १९९२ पासून सोलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने सुरू झाली. १९९३ मध्ये जपान सरकारतर्फे योहेई कोनो यांनी लष्कराचा यातला सहभाग मान्य करून माफी मागितली. १९९५ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारला गेला, पण अनेक जणींनी तो नाकारला. आम्हाला दया नको, सरकारची कायदेशीर जबाबदारी हवी, हे त्यांचे म्हणणे होते.

२८ डिसेंबर २०१५ रोजी दोन्ही सरकारांनी पुन्हा एक समझोता केला. जपान १०० कोटी येन देणार आणि प्रश्न ‘अखेरचा आणि न फिरवता येणारा’ सुटला असे मानायचे. वकिलातीसमोर २०११ साली बसवलेल्या मुलीच्या पुतळ्याचेही काहीतरी करू, असे कोरियाने कबूल केले. अमेरिकेने या समझोत्याचे स्वागत केले. तिला आशियातले आपले दोन्ही दोस्त एकत्र हवे होते. जिवंत असलेल्या म्हाताऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले नाही, हे पुढे २०१७ मध्ये कोरिया सरकारच्याच चौकशी गटाने नोंदवले. आणि हा समझोता करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे या स्वतः स्त्री होत्या, त्याच जनरल पार्क यांच्या कन्या. खुर्चीवर बाई बसली की बाईचे ऐकले जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

इथे कोणी म्हणेल, दोष जपानचा, कोरिया तर पीडित. त्यांनी गोष्टीचा उरलेला भागही पाहावा. अमेरिकी तळांभोवतीच्या वस्त्यांत कोरियाच्या सरकारनेच वेश्याव्यवसाय चालू ठेवला, बायकांच्या सक्तीच्या तपासण्या केल्या, त्यांना कोंडून उपचार केले. सैनिक खूश राहावेत आणि परकीय चलन यावे म्हणून. सप्टेंबर २०२२ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने यासाठी स्वतःच्याच सरकारला जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. शत्रूने बाईवर केलेला अत्याचार राष्ट्रीय अपमान ठरतो आणि दोस्तासाठी आपल्याच सरकारने केलेला अत्याचार राष्ट्रीय गरज ठरते. दोन्ही वेळा राष्ट्राचा विचार होतो, बाईचा होत नाही.

इंच इंच भूमी

याच देशांमध्ये बेटांवरून तंटे आहेत. कोरिया ज्यांना दोक्दो म्हणतो आणि जपान ताकेशिमा, ते समुद्रातले खडक कोरियाच्या ताब्यात आहेत. जपानच्या शिमाने प्रांताने २००५ साली ‘ताकेशिमा दिन’ ठरवला तेव्हा कोरियात संतापाची लाट उसळली. जपानच्या ताब्यातल्या सेन्काकू बेटांवर चीन हक्क सांगतो. २०१२ मध्ये जपान सरकारने त्यांतली तीन बेटे खाजगी मालकाकडून विकत घेतली आणि चीनच्या शहरांत जपानी दुकाने फुटली. सेन्काकूवर एकही माणूस राहत नाही. माणसे नसलेल्या जमिनीसाठी एवढे रक्त उसळते, तर जिवंत माणसांच्या प्रश्नासाठी ते थंड का असते?

हाच प्रश्न मला बेळगावच्या संदर्भात विचारायचा आहे, आणि तो काहीजणींना झोंबेल याची जाणीव ठेवून विचारते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, कारवार, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोन ठराव झाले. २२ तारखेला कर्नाटकच्या विधिमंडळाने बेळगावात, एक इंचही देणार नाही म्हणून. २७ तारखेला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नागपुरात, ८६५ गावांतली इंच न् इंच जमीन घेऊ म्हणून. दोन्ही ठराव एकमताने झाले, म्हणजे त्यांत दोन्हीकडच्या स्त्री-आमदारही आल्या. विदर्भाच्या प्रश्नांसाठी १९५३ च्या नागपूर करारातून मिळालेल्या अधिवेशनात हा ठराव झाला, हेही आम्ही पाहिले.

या ठरावांत सीमाभागातल्या बायका कुठे आहेत? निपाणीच्या तंबाखू आणि विडी कामगार बायकांनी मजुरीसाठी, मुकादमाच्या दंडेलीविरुद्ध जो झगडा केला, त्याची नोंद ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली माहितीपटातून केली. आपले गाव कोणत्या राज्यात आहे हे ठरेपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या. याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीची यल्लम्मा. तिला दोन्ही राज्यांतून मुली सोडल्या गेल्या. देवीच्या दारात सरहद्द आडवी आली नाही. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ साली कायदा केला. महाराष्ट्राचा स्वतःचा नवा कायदा २००५ सालचा. इंचाइंचासाठी जागे असणाऱ्या सरकारला या मुलींसाठी जागे व्हायला २३ वर्षे जास्त लागली.

आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातली १४ गावे अशीच महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या कात्रीत सापडली. लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. २०२२ साली वर्तमानपत्रांतून एका घराची बातमी गाजली: त्या घराची चूल एका राज्यात होती आणि झोपायची खोली दुसऱ्या राज्यात. लोकांना ती गंमत वाटली. तिथल्या माणसांची जुनी मागणी मात्र गमतीची नाही. कसत असलेल्या जमिनीचे पट्टे आमच्या नावे करा, ही ती मागणी आहे. दोन सरकारे आपली म्हणणाऱ्या जमिनीवर कसणारीचे नाव लावायला कोणी पुढे येत नाही.

आणि घरच्या इंचाचे काय? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. माझ्या रोजच्या कामात मी पाहते ते असे: राखीपौर्णिमेला साडी देतात आणि त्याच आठवड्यात तहसीलमध्ये हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतात. नवरा गेल्यावर सातबारावर नाव चढवण्यासाठी बाई तलाठ्याकडे खेटे घालते आणि दीर-सासरे हरकत घेतात. जमिनीला आई म्हणायचे आणि आईच्या नावे जमीन करायची नाही, ही आपली रीत आहे. ती चालू असताना कोणाच्याही ‘इंच इंच’ घोषणेत आपण आपला आवाज का मिसळावा?

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप येईल, की शेजारी बलाढ्य असेल तर देशाने दोस्त शोधू नयेत का? चीनचा दबाव खोटा आहे का? खोटा नाही. जपानी किंवा भारतीय स्त्रीलाही सुरक्षितता हवीच आहे. पण ज्या सुरक्षिततेत १२ वर्षांच्या मुलीचा बळी हा नेहमीचा खर्च म्हणून धरला जातो, तिला सुरक्षितता म्हणायला आपण नकार दिला पाहिजे. दोस्ती करा, पण तिच्या कलमांत आरोपीला कोणत्या कोर्टापुढे उभे करणार, जमीन कोणाची घेणार, तिथल्या ग्रामसभेचे ऐकणार की नाही, हे आधी सांगा.

दुसरा आक्षेप, सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय झाला आहे, त्याचे काय? झाला आहे. १९८६ साली कानडीच्या सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली. शिक्षण कमी असलेल्या मराठी बाईला कानडीतला उतारा, कानडीतली नोटीस वाचता येत नाही, तेव्हा तिचे नुकसान पुरुषापेक्षा जास्त होते. म्हणून तिला मराठीत कागद मिळाला पाहिजे, गाव कोणत्याही राज्यात असो. पण मग तोच न्याय इकडेही लावा. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी बोलणाऱ्या, गोंडी बोलणाऱ्या बायका आहेत. मराठीचा अभिमान सांगणाऱ्या सरकारने त्यांना त्यांच्या भाषेत कोणता कागद दिला? हे विचारायचे नसेल तर आपला लढा भाषेच्या हक्काचा नाही, फक्त हद्दीचा आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो: एवढ्या मोठ्या गोष्टींत आपण काय करणार? किम हाक-सून एकटी बोलली तेव्हा तिच्या मागे कोणतेही सरकार नव्हते. ओकिनावाच्या बायका बीजिंगहून परतल्या तेव्हा त्यांच्याकडे अत्याचारांची यादीही नव्हती, ती त्यांनी जुनी वर्तमानपत्रे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी चाळून तयार केली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर २००० मध्ये १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या बोलण्यांत स्त्रियांचा सहभाग हवा असे मान्य केले, ते अशा बायकांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यामुळे.

आपण काय करायचे

कोणत्याही सीमा-मोर्चाचे, बंदचे किंवा ‘राष्ट्रीय’ ठरावाचे बोलावणे आले, की आपल्या गटाने आधी चार प्रश्न विचारावेत. बोलणी कोण करणार आणि त्यांत तिथल्या बायका किती? खर्च कोणाच्या जमिनीतून आणि मजुरीतून निघणार? अत्याचार झाला तर खटला कुठे चालणार? आणि ज्या जमिनीसाठी भांडण आहे तिच्यावर बाईचे नाव आहे का? उत्तरे मिळाली नाहीत तर मोर्चात जाऊ नये, आणि का गेलो नाही ते गावात सांगावे.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, गडहिंग्लज इथल्या स्त्री-संघटनांनी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या बायकांची, कानडी-मराठी दोघींची, संयुक्त बैठक घ्यावी आणि सीमाप्रश्नावर स्वतःचा मसुदा तयार करावा. चंद्रपूर-यवतमाळच्या गटांनी जिवतीच्या बायकांसोबत बसून जमिनीच्या पट्ट्यांचा मसुदा करावा. वकील मैत्रिणींनी त्यात मदत करावी. त्या मसुद्यांत गाव कोणाचे हा प्रश्न शेवटी येऊ द्या. कागद कोणत्या भाषेत, पट्टा कोणाच्या नावे, रेशन कुठून आणि तक्रार कोणत्या ठाण्यात, हे आधी येऊ द्या.

मावशींना मी दिलेले उत्तर असे होते: तुम्ही वेचता त्या कापसाचा भाव आणि तुमच्या नातीची सुरक्षितता, दोन्ही अशा कागदांवर ठरतात जे तुम्हाला दाखवले जात नाहीत. त्यावर त्यांनी विचारले, ‘‘मंग तो कागद मांगाले कोनाकडे जाव लागते?’’ हा प्रश्न आता सर्व गटांच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावा, त्यावर ठराव करावा आणि तो या अंकाकडे पाठवावा.